बीड जिल्ह्यातील दिव्यांग तपासणी व अर्थसाहाय्य सुनावणी : स्वरूप, प्रक्रिया आणि अर्जदाराची पूर्वतयारी

सारांश : दिव्यांग व्यक्तीला शासकीय लाभ मिळण्यापूर्वी दोन टप्पे ओलांडावे लागतात. पहिला टप्पा वैद्यकीय मंडळासमोरील तपासणीचा, तर दुसरा तहसील पातळीवरील अर्ज-छाननीचा. या दोन्ही ठिकाणी काय विचारले जाते, टक्केवारी कशी ठरते, नकार मिळाल्यास पुढे कोणता मार्ग असतो याची माहिती ग्रामीण अर्जदारापर्यंत पुरेशा प्रमाणात पोहोचत नाही. प्रस्तुत लेखात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ व त्याखालील नियमांच्या आधारे ही प्रक्रिया बीड जिल्ह्याच्या संदर्भात स्पष्ट करण्यात आली आहे.

बीजसंज्ञा : दिव्यांगत्व प्रमाणपत्र, वैश्विक ओळखपत्र, लक्षणीय दिव्यांगत्व, संजय गांधी निराधार अनुदान योजना, अपील.

प्रस्तावना :

बीड जिल्हा हा मराठवाड्यातील अवर्षणप्रवण जिल्हा म्हणून ओळखला जातो. जिल्ह्यात एकूण ११ तालुके असून शेती व ऊसतोड मजुरी हे येथील ग्रामीण कुटुंबांचे प्रमुख आधार आहेत. दसरा-दिवाळीनंतर हजारो कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि कारखान्यांचा पट्टा पडल्यावर उन्हाळ्यात गावी परततात. अंगमेहनतीवर चालणाऱ्या या जीवनात हात, पाय, डोळा किंवा कान निकामी होणे याचा अर्थ रोजगार थांबणे असा होतो. अशा कुटुंबात दिव्यांग व्यक्तीला मिळणारे मासिक अर्थसाहाय्य कमी असले तरी घरखर्चात त्याचे स्थान मोठे असते.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २ कोटी ६८ लाख, तर महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती होत्या. ही गणना जुन्या वर्गवारीवर आधारलेली होती. त्यानंतर कायद्याने मान्य केलेल्या दिव्यांगत्वाच्या प्रकारांची संख्या वाढली, परंतु लाभाचा दरवाजा मात्र आजही एका प्रमाणपत्रानेच उघडतो. ते प्रमाणपत्र ज्या दिवशी ठरते, तो दिवस अर्जदाराच्या पुढील अनेक वर्षांवर परिणाम करणारा असतो. या दिवसाची पूर्वकल्पना असणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

लेखाची उद्दिष्टे :

१. दिव्यांगत्व प्रमाणपत्रामागील कायदेशीर चौकट समजून घेणे.
२. वैद्यकीय मंडळासमोरील तपासणीचे स्वरूप व टक्केवारी काढण्याची रीत स्पष्ट करणे.
३. तहसील पातळीवरील अर्थसाहाय्याच्या निर्णयप्रक्रियेचा आढावा घेणे.
४. नकार वा कमी टक्केवारी मिळाल्यास उपलब्ध असणाऱ्या दाद मागण्याच्या मार्गांची माहिती देणे.

अभ्यासपद्धती :

सदर लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला असून अधिनियम, नियम, मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे व शासकीय योजनांच्या तरतुदी यांचा आधार घेण्यात आला आहे. लेखातील आकडेमोडीची उदाहरणे केवळ स्पष्टीकरणासाठी आहेत.

कायदेशीर पार्श्वभूमी :

भारतात दिव्यांगांच्या हक्कांविषयीचा पहिला व्यापक कायदा १९९५ मध्ये संमत झाला व ७ फेब्रुवारी १९९६ पासून अमलात आला. त्या कायद्यात दिव्यांगत्वाचे केवळ ७ प्रकार मान्य करण्यात आले होते. पुढे संयुक्त राष्ट्रसंघाने १३ डिसेंबर २००६ रोजी दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार स्वीकारला आणि भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्यास अनुसमर्थन दिले. या कराराशी सुसंगत असा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा नवा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. अस्थिव्यंग, अंधत्व, अल्पदृष्टी, कर्णबधिरत्व, बौद्धिक दिव्यांगत्व व मानसिक आजार यांच्यासोबतच स्वमग्नता, स्नायूंची विकृती, कंपवात, आम्लहल्ल्याने झालेली इजा, थॅलेसेमिया, हिमोफिलिया व सिकलसेल यांचाही त्यात समावेश आहे. प्रौढ व्यक्तीची उंची १४७ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी असल्यास ठेंगणेपणा हाही दिव्यांगत्वाचा स्वतंत्र प्रकार मानला जातो.

या कायद्यातील सर्वांत महत्त्वाची संकल्पना म्हणजे 'लक्षणीय दिव्यांगत्व' होय. ज्या व्यक्तीचे दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून अधिक असल्याचे प्रमाणित झाले आहे, ती व्यक्ती या संज्ञेत येते. शासकीय नोकरीतील ४ टक्के आरक्षण, उच्च शिक्षणातील ५ टक्के आरक्षण, दारिद्र्य निर्मूलन योजनांमधील ५ टक्के राखीव वाटा आणि ६ ते १८ वर्षे वयोगटातील बालकांना मोफत शिक्षणाचा हक्क या तरतुदी याच गटासाठी आहेत. साहजिकच ३९ व ४० या दोन आकड्यांमधील अंतर वैद्यकीयदृष्ट्या नगण्य असले, तरी कायद्याच्या दृष्टीने ते अत्यंत निर्णायक ठरते.

महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागाची स्थापना केली. दिव्यांग कल्याण आयुक्तालयाचे कार्यालय पुणे येथे आहे.

अर्ज कोठे व कसा करावा :

प्रमाणपत्रासाठी 'स्वावलंबन' या केंद्रीय संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. याच प्रक्रियेतून प्रमाणपत्र व 'यूडीआयडी' म्हणजेच वैश्विक ओळखपत्र मिळते. अर्ज गावातील आपले सरकार सेवा केंद्रातून भरता येतो. अर्जासोबत छायाचित्र, ओळखीचा पुरावा, रहिवासाचा पुरावा व उपलब्ध वैद्यकीय कागदपत्रे जोडावयाची असतात. अर्जदार अज्ञान असल्यास किंवा बौद्धिक दिव्यांगत्वामुळे स्वतः अर्ज करू शकत नसल्यास पालक अथवा नोंदणीकृत संस्था त्याच्या वतीने अर्ज करू शकते.

नियमानुसार अर्ज हा रहिवासाच्या पुराव्यावर नमूद असलेल्या जिल्ह्यातील वैद्यकीय प्राधिकरणाकडे किंवा जेथे दिव्यांगत्वासंबंधी उपचार चालू आहेत अथवा झाले आहेत अशा शासकीय रुग्णालयाकडे करता येतो. बीड जिल्ह्याच्या दृष्टीने ही तरतूद उपयुक्त आहे. जिल्ह्यात बीड येथे जिल्हा रुग्णालय व अंबाजोगाई येथे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय ही दोन मोठी केंद्रे आहेत. केज, परळी, धारूर या भागातील नागरिकांना अंबाजोगाई सोयीचे, तर गेवराई, शिरूर कासार, पाटोदा येथील नागरिकांना बीड सोयीचे पडते. आष्टी तालुक्यातील पश्चिमेकडील अनेक गावांना मात्र जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा अहिल्यानगर जवळ आहे. अशा व्यक्तीने तेथील शासकीय रुग्णालयात उपचार घेतले असतील, तर नियमातील दुसरा पर्याय तिच्या उपयोगी पडू शकतो.

अर्ज भरताना होणारी सर्वांत सामान्य चूक नावातील विसंगतीची असते. विवाहित स्त्रीच्या आधारवर माहेरचे नाव, रेशनकार्डावर सासरचे नाव आणि दवाखान्याच्या कागदावर बोलीतील नाव असे अनेकदा आढळते. तपासणी पूर्ण होऊनही केवळ या कारणाने ओळखपत्र अडकू शकते. म्हणून आधारवरील नाव, जन्मतारीख व भ्रमणध्वनी क्रमांक अर्जापूर्वीच दुरुस्त करून घेणे हितावह ठरते.

मूळ नियमांत प्रमाणपत्रासाठी एक महिन्याची मुदत होती. २०२४ च्या दुरुस्तीने ती तीन महिने करण्यात आली. दोन वर्षांपर्यंत निर्णय न झाल्यास अर्ज निष्क्रिय होतो व तो पुन्हा करावा लागतो, अशीही तरतूद त्यात आहे. पट्टा पडेपर्यंत गावाबाहेर असणाऱ्या ऊसतोड मजुरासाठी याचा अर्थ स्पष्ट आहे. अर्ज उन्हाळ्यात गावी परतल्याबरोबर केला, तर तपासणीची तारीख पुढील हंगामापूर्वी मिळण्याची शक्यता वाढते. दसऱ्याच्या तोंडावर अर्ज केल्यास बोलावण्याचा संदेश येतो तेव्हा अर्जदार उसाच्या फडात असतो.

तपासणीच्या दिवशी काय घडते :

तपासणी ही न्यायालयासारखी सुनावणी नसते. तेथे वकील नसतो, उलटतपासणी नसते व शपथही घेतली जात नाही. अर्जदाराची ओळख पटविली जाते, कागदपत्रे पाहिली जातात आणि दिव्यांगत्वाच्या प्रकारानुसार संबंधित तज्ज्ञ डॉक्टरांकडे त्यास पाठविले जाते. हात-पाय यांसाठी अस्थिरोगतज्ज्ञ, डोळ्यांसाठी नेत्रतज्ज्ञ, कानासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञ व श्रवणतज्ज्ञ, तर मानसिक आजारासाठी मनोविकारतज्ज्ञ तपासणी करतात. एकाहून अधिक दिव्यांगत्व असल्यास वैद्यकीय मंडळ एकत्रित निर्णय घेते. आवश्यक यंत्र किंवा तज्ज्ञ उपलब्ध नसल्यास अर्जदारास दुसऱ्या रुग्णालयात पाठविले जाते. अशा वेळी त्याच दिवशी काम पूर्ण होईल अशी अपेक्षा ठेवू नये.

डॉक्टर प्रामुख्याने पुढील बाबी विचारतात : त्रास जन्मापासून आहे की नंतर झाला, कोणत्या वर्षी झाला, कोठे उपचार घेतले, शस्त्रक्रिया झाली काय, आता कोणती औषधे चालू आहेत आणि दैनंदिन कामात कोणती अडचण येते. या प्रश्नांची उत्तरे थोडक्यात व खरी द्यावीत. 'काहीच करता येत नाही' या वाक्यातून डॉक्टरांना काहीही मोजता येत नाही. 'उकिडवे बसता येत नाही, जिना चढताना कठडा धरावा लागतो, घागर उचलता येत नाही, सदऱ्याची गुंडी लावता येत नाही' अशी ठोस उत्तरे अधिक उपयोगी ठरतात. याउलट लाजेपोटी अडचण लपविणारे अर्जदारही कमी नसतात. विशेषतः स्त्रिया व मानसिक आजाराचे रुग्ण 'बरं आहे' असे म्हणून मोकळे होतात. त्यांच्या बाबतीत घरातील जाणत्या व्यक्तीने सोबत जाणे आवश्यक ठरते.

टक्केवारी कशी ठरते :

टक्केवारी डॉक्टरांच्या मर्जीने ठरते हा समज ग्रामीण भागात दृढ आहे. वास्तविक पाहता केंद्र शासनाने ४ जानेवारी २०१८ रोजी मूल्यमापनाची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली व मार्च २०२४ मध्ये सुधारित तत्त्वे प्रसिद्ध झाली. त्यात प्रत्येक प्रकारासाठी मोजमापाची रीत निश्चित केलेली आहे.

अस्थिव्यंगाच्या बाबतीत सांध्याची हालचाल कोनमापकाने मोजली जाते व स्नायूंची ताकद ० ते ५ या श्रेणीत तपासली जाते. दृष्टीच्या बाबतीत योग्य तो चष्मा लावल्यानंतर किती दिसते हे पाहिले जाते. म्हणून चष्मा घरी ठेवून जाण्याने टक्केवारी वाढत नाही, उलट तपासणी लांबते. श्रवणाच्या बाबतीत याच्या नेमके उलट असते. तेथे श्रवणयंत्राविना ऐकू येण्याची पातळी मोजली जाते. तथापि डॉक्टरांशी बोलता यावे यासाठी यंत्र सोबत नेणे योग्य असते. तोंडी प्रतिसादावरून नेमकी पातळी समजत नसल्यास मेंदूपर्यंत पोहोचणाऱ्या ध्वनिसंवेदनेची 'बेरा' ही तपासणी केली जाते. लहान मुलांच्या बाबतीतही ती उपयोगी असते. बौद्धिक दिव्यांगत्वासाठी बुद्ध्यंक व सामाजिक परिपक्वता या दोन्हींचे मापन होते. मानसिक आजारात स्वतःची काळजी, परस्परसंबंध, संवाद व आकलन आणि काम या चार क्षेत्रांतील अडचणींना गुण दिले जातात.

सर्वाधिक गैरसमज तीन ठिकाणी होतात.

पहिला गैरसमज एका डोळ्याविषयीचा आहे. ऊसतोडणी करताना उसाचे पाते लागून एखाद्या मजुराचा एक डोळा पूर्णपणे गेला, परंतु दुसऱ्या डोळ्याने त्यास चांगले दिसते असे समजू. अशा व्यक्तीचे दिव्यांगत्व ३० टक्के धरले जाते. तिला प्रमाणपत्र मिळते, मात्र ४० टक्क्यांची अट असलेले लाभ मिळत नाहीत.

दुसरा गैरसमज कानाविषयीचा आहे. दोन्ही कानांची सरळ सरासरी काढली जात नाही. चांगल्या कानाच्या टक्केवारीस ५ ने गुणून त्यात दुसऱ्या कानाची टक्केवारी मिळविली जाते व येणाऱ्या बेरजेस ६ ने भागले जाते. एक कान १०० टक्के निकामी व दुसरा पूर्ण निर्दोष असल्यास उत्तर १६.७ टक्के इतकेच येते. चांगल्या कानात ३० टक्के व दुसऱ्या कानात ९० टक्के दोष असल्यास १५० अधिक ९० म्हणजे २४०, त्यास ६ ने भागून ४० टक्के येतात.

तिसरा गैरसमज बेरजेविषयीचा आहे. पायाचे ५० टक्के व कानाचे ३० टक्के म्हणजे एकूण ८० टक्के अशी अर्जदाराची समजूत असते. मात्र मार्गदर्शक तत्त्वांनुसार मोठ्या टक्केवारीत लहान टक्केवारीचा केवळ काही भाग मिळविला जातो. मोठी टक्केवारी ९० मधून वजा करावयाची, आलेल्या संख्येस लहान टक्केवारीने गुणावयाचे, ९० ने भागावयाचे आणि येणारे उत्तर मोठ्या टक्केवारीत मिळवावयाचे अशी ही रीत आहे. वरील उदाहरणात ९० वजा ५० म्हणजे ४०, गुणिले ३० म्हणजे १२००, भागिले ९० म्हणजे १३.३. यावरून एकूण दिव्यांगत्व ६३.३ टक्के ठरते. हा हिशेब माहीत नसल्यामुळे आपले टक्के 'कापले' अशी भावना निर्माण होते व अर्जदार मध्यस्थाच्या आहारी जातो.

प्रमाणपत्र कायमस्वरूपी अथवा ठरावीक मुदतीचे असते. सुधारणेची वा बदलाची शक्यता असल्यास मुदतीचे प्रमाणपत्र दिले जाते. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या बालकांच्या बाबतीत वाढत्या वयानुसार पुनर्तपासणी करावी लागते. ती मुदत संपण्यापूर्वी न केल्यास लाभात खंड पडतो. वैश्विक ओळखपत्रावरील पट्टीचा रंगही टक्केवारी दर्शवितो. ४० टक्क्यांहून कमी असल्यास पांढरा, ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान पिवळा व ८० टक्के किंवा अधिक असल्यास निळा अशी त्याची विभागणी आहे. अधिनियमाच्या कलम ५८ नुसार हे प्रमाणपत्र संपूर्ण देशात ग्राह्य असते.

तहसील पातळीवरील निर्णय :

प्रमाणपत्र मिळाले म्हणजे अर्थसाहाय्य सुरू झाले असे होत नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसील कार्यालयात स्वतंत्र अर्ज करावा लागतो. १९८० पासून राज्यात राबविल्या जाणाऱ्या या योजनेत निराधार, विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजाराचे रुग्ण यांच्यासमवेत ४० टक्के व अधिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींचा समावेश होतो. अर्जदाराचे वय ६५ वर्षांपेक्षा कमी असावे व तो किमान १५ वर्षे महाराष्ट्राचा रहिवासी असावा, अशा अटी आहेत. दिव्यांग अर्जदारासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये ठेवण्यात आली आहे, तर इतर घटकांसाठी ती २१,००० रुपये आहे. दरमहा १,५०० रुपये असलेले साहाय्य दिव्यांग लाभार्थ्यांसाठी सप्टेंबर २०२५ च्या मंत्रिमंडळ निर्णयाने २,५०० रुपये करण्यात आले. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील ८० टक्के व अधिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींसाठी केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनाही आहे.

येथे डॉक्टर नसतात. प्रश्न शरीराचा नसून उत्पन्न, रहिवास व कुटुंबस्थितीचा असतो. गावपातळीवर चौकशी होते, कागदपत्रांची छाननी होते व प्रकरण तालुका समितीच्या बैठकीसमोर ठेवले जाते. तहसीलदार हे या समितीच्या कामकाजाचे प्रमुख शासकीय सूत्रधार असतात. अर्जदारास प्रत्यक्ष बोलाविले गेल्यास सामान्यतः पुढील प्रश्नांची अपेक्षा ठेवावी : कुटुंबात किती जण आहेत, कमावते कोण आहेत, जमीन कोणाच्या नावे व किती आहे, मुले स्वतंत्र राहतात काय, इतर कोणत्या योजनेचा लाभ चालू आहे काय. उत्पन्नाचा दाखला, सातबारा व रेशनकार्ड यांतील माहिती परस्परांशी जुळणारी असावी. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून घेतलेली उचल हे उत्पन्न आहे की कर्ज, असा संभ्रम चौकशीत निर्माण होऊ शकतो. उचल ही कामातून फेडावयाची आगाऊ रक्कम असल्याचे अर्जदाराने स्पष्टपणे सांगावे.

अर्जाची पोच घेणे, त्यावरील दिनांक व क्रमांक जपून ठेवणे आणि बँक खाते आधारशी संलग्न करणे या तीन गोष्टी दुर्लक्षिल्या जातात. मंजुरीनंतर रक्कम थेट खात्यात जमा होत असल्याने खात्याची संलग्नता तुटल्यास मंजूर लाभही मिळत नाही. दरवर्षी हयातीचा दाखला देणेही आवश्यक असते. हंगामासाठी परजिल्ह्यात असलेल्या कुटुंबातील लाभार्थी याच कारणाने वगळले जाण्याची भीती असते.

याशिवाय ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. राज्य परिवहन महामंडळाच्या बसमध्ये ४० टक्के व अधिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीस भाड्यात ७५ टक्के, तर ६५ टक्के व अधिक दिव्यांगत्व असल्यास तिच्या साथीदारास ५० टक्के सवलत मिळते.

नकार मिळाल्यास :

वैद्यकीय प्राधिकरणाने अर्जदारास अपात्र ठरविल्यास त्याची कारणे विहित नमुन्यात लेखी कळविणे बंधनकारक आहे. तोंडी 'बसत नाही' एवढ्यावर अर्जदाराने परत फिरू नये. लेखी कारण हाती असल्याशिवाय पुढील दाद परिणामकारक होत नाही. अधिनियमाच्या कलम ५९ नुसार प्रमाणन प्राधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध राज्य शासनाने नियुक्त केलेल्या अपिलीय प्राधिकरणाकडे अपील करता येते. अपिलात केवळ गरिबीचा उल्लेख पुरेसा नसतो. कोणते मोजमाप चुकले, कोणता अहवाल विचारात घेतला गेला नाही, कोणते दुसरे दिव्यांगत्व तपासलेच नाही हे मुद्देनिहाय मांडावे लागते.

तक्रार हक्कभंगाची असल्यास, म्हणजे प्रमाणपत्र असूनही लाभ नाकारला जात असल्यास, राज्य आयुक्तांकडे दाद मागता येते. कायद्याने त्यांना साक्षीदारास बोलाविणे, कागदपत्रे मागविणे व शपथपत्रावर पुरावा घेणे यांसारखे दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार दिलेले आहेत. खऱ्या अर्थाने 'सुनावणी' म्हणता येईल अशी प्रक्रिया येथेच घडते. संबंधित कार्यालयाकडून खुलासा मागविला जातो व दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकले जाते. अर्जदाराने घटनांचा दिनांकवार तक्ता व कागदपत्रांच्या प्रती सोबत ठेवाव्यात. आयुक्तांच्या शिफारशीवर संबंधित प्राधिकरणाने तीन महिन्यांत कार्यवाही करणे किंवा ती न स्वीकारण्याची कारणे कळविणे अपेक्षित आहे. अर्ज कोठे थांबला आहे हे समजण्यासाठी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चा उपयोग होतो.

अमेरिकेतील सामाजिक सुरक्षा व्यवस्थेत दिव्यांगत्वाचा दावा नाकारला गेल्यास पुनर्विचारानंतर प्रशासकीय न्यायाधीशासमोर सुनावणी होते. तेथे मुख्य प्रश्न 'ही व्यक्ती कोणते काम करू शकते' हा असतो व त्यासाठी व्यवसायविषयक तज्ज्ञाची साक्षही घेतली जाते. आपल्याकडे मुख्य प्रश्न 'टक्के किती' हा आहे. त्यामुळे आपली पद्धत तुलनेने सोपी व एकसारखी झाली. परंतु एक डोळा गमावलेला कार्यालयीन लिपिक व एक डोळा गमावलेला ऊसतोड मजूर यांच्या उपजीविकेवर होणारा परिणाम वेगळा असतो, हे या पद्धतीत नोंदविले जात नाही. ही तिची मोठी मर्यादा आहे.

बोगस प्रमाणपत्रांचा प्रश्न व खरे अर्जदार :

२०२२-२३ मध्ये बीड जिल्हा परिषदेने बदलीत सवलत घेणाऱ्या दिव्यांग शिक्षकांच्या प्रमाणपत्रांची अंबाजोगाई येथील वैद्यकीय महाविद्यालयामार्फत फेरतपासणी करून घेतली. त्यातील तफावतीवरून ५० हून अधिक शिक्षकांवर निलंबनाची कारवाई झाली. निलंबन म्हणजे अंतिम दोषसिद्धी नव्हे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. २०२४ मध्ये राज्यातील एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राचा प्रश्न देशभर गाजला. २०२५ मध्ये राज्य शासनाने दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांची पडताळणी हाती घेतली. फसवणुकीने लाभ घेणाऱ्यास कलम ९१ नुसार दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

पडताळणी योग्यच आहे. तथापि तिचा भार कोणावर पडतो याचा विचार होणे गरजेचे आहे. पगारदार व्यक्तीस फेरतपासणीसाठी रजा मिळते. गावातील पांगळ्या वृद्धास किंवा बौद्धिक दिव्यांग मुलाच्या आईस मात्र प्रत्येक हेलपाट्यास मजुरी बुडवून व गाडीभाडे खर्चून यावे लागते. खोट्या प्रमाणपत्रांमुळे मंडळाची नजर संशयी होते आणि त्या संशयाची झळ ज्याच्याकडे जुने कागद नाहीत, ज्याला नीट बोलता येत नाही अशा खऱ्या अर्जदारास अधिक बसते.

सूचना :

१. जिल्ह्यातील तपासणी शिबिरे तालुका पातळीवर व शक्यतो मे ते सप्टेंबर या काळात, म्हणजे स्थलांतरित कुटुंबे गावी असताना घेण्यात यावीत.
२. टक्केवारी काढण्याची रीत मराठीत सोप्या भाषेत रुग्णालयाच्या दर्शनी भागात लावण्यात यावी.
३. अपात्र अर्जदारास लेखी कारणासोबतच अपील कोठे करावे याची माहिती त्याच कागदावर देण्यात यावी.
४. हयातीचा दाखला परजिल्ह्यातील तहसील कार्यालयात वा साखर कारखान्याच्या ठिकाणी स्वीकारण्याची सोय करण्यात यावी.
५. महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांनी दत्तक गावातील दिव्यांगांचे अर्ज भरणे, नावातील विसंगती दुरुस्त करणे व तपासणीस सोबत जाणे ही कामे हाती घ्यावीत.

निष्कर्ष :

दिव्यांग तपासणी व अर्थसाहाय्याचा निर्णय ही कोणाच्या कृपेची बाब नसून कायद्याने बांधलेली प्रक्रिया आहे, असे उपरोक्त विवेचनावरून स्पष्ट होते. वैद्यकीय मंडळ मोजमाप करते, तहसील पातळीवर कुटुंबाची परिस्थिती पाहिली जाते व अपिलीय प्राधिकरण चूक दुरुस्त करू शकते. या तिन्ही ठिकाणी वेगवेगळे प्रश्न असल्याने अर्जदाराची तयारीही वेगवेगळी असावी लागते. टक्केवारीचे सूत्र, लेखी कारणाचा हक्क आणि अर्जाचा योग्य काळ या तीन बाबींची माहिती असल्यास मध्यस्थाची गरज बऱ्याच अंशी कमी होते. ४० टक्क्यांची रेषा व्यक्तीच्या व्यवसायाचा विचार करीत नाही, ही व्यवस्थेची मर्यादा मात्र अर्जदाराच्या तयारीने दूर होणारी नाही. अंगमेहनतीवर जगणाऱ्या जिल्ह्यात तिचा पुनर्विचार धोरणकर्त्यांनाच करावा लागेल.